शालूबाई रजेवर आहेत

घनसावंगी
१९ जानेवारी २०२५

आदरणीय रामकिसन काका,
सलाम.

मी गजाला, वाटूरची. जालन्याला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी शालू आणि मी एका खोलीत राहायचो. तुम्ही एकदा तिला ज्वारीचं पीठ द्यायला आलात तेव्हा मी चहा केला होता. त्यात साखर टाकायची विसरले आणि तुम्ही काही न बोलता तो पिऊन टाकला. तुम्ही गेल्यावर शालू हसून म्हणाली, "आमचे अण्णा असेच हाईत. मीठ जरी टाकलं असतंस तरी बोलले नसते."

दिवाळीच्या सुटीत ती तापाने गेली हे मला उशिरा कळलं. नंतर मी तुम्हाला फोन केला होता. "मी गजाला बोलतेय," एवढं म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मलाही पुढे सुचलं नाही. बराच वेळ तुमच्या दुकानातल्या मशीनचा आवाज येत होता, मग फोन बंद झाला. परत करायचं धाडस झालं नाही. म्हणून लिहिते आहे.

मला नोकरी लागली आहे. कंत्राटी आहे, पण शाळा जिल्हा परिषदेची आहे. खोली घनसावंगीत घेतली आहे, पुढे जीपने जावं लागतं. नोकरीची बातमी मी सगळ्यात आधी शालूलाच सांगितली असती. ते राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्ही दुकानात येणाऱ्या लग्नपत्रिका जमवून आम्हाला पाठवायचात. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही पाठासाठी शब्दकार्डं करायचो. परवा मी वर्गात कार्ड धरलं तर मुझफ्फर नावाचा पोरगा मागची बाजू वाचून म्हणाला, "बाई, हे लगीन तर होऊन गेलं." सगळे हसले. मीही हसले. मग आठवलं की ते कार्ड शालूच्या हातचं आहे.

काकूंना सलाम सांगा.

तुमची,
गजाला


वडीगोद्री
२८ जानेवारी २०२५

चि. गजाला हिला आशीर्वाद.

पत्र मिळालं. चहा आठवतो.

फोन मी ठेवला नव्हता. कानाला धरून होतो. त्याची बॅटरी संपली असेल. शालूची आई तेव्हाही म्हणाली आणि तुझं पत्र आल्यावर परत म्हणाली, "तुमाला फोनवर बोलायला काय दातखिळी बसती का?" काय सांगावं. आधीही मी जास्त बोलत नव्हतो, आता तेही होत नाही. लिहायची सवय नाही. दहावी झालो आणि मोटार रिवाइंडिंग शिकलो. तेव्हापासून बिलाच्या पलीकडे काही लिहिलं नाही. चुकलं तर समजून घे.

तुला एक विचारायचं आहे. ट्रेनिंगच्या वर्षात ती कशी होती? मी दर रविवारी फोनवर विचारायचो, "कसं चाललंय?" ती म्हणायची, "बराबर चाललंय, अण्णा." मी म्हणायचो, "बरं." झालं. त्या सगळ्या वर्षाचं माझ्याकडे एवढंच आहे.

तिला नर्सिंगला जायचं होतं. मीच म्हटलं, मास्तरीण हो, जिल्ह्यातच राहशील. ती हो म्हणाली. तिला ते आवडलं का, हे मी कधी विचारलं नाही. आता कोणाला विचारू? तू सोबत होतीस. खरं असेल ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

तुझी शाळा कोणती ते लिहिलं नाहीस. शालूची शाळाही घनसावंगीच्या पुढेच होती. कधी तिकडे जाणं झालं तर तिचं काही राहिलंय का बघशील. मला तिकडे जाववत नाही.

लग्नपत्रिका अजून येतात. यंदा आम्ही कुठल्या लग्नाला जाणार नाही, पण लोक देऊन जातात. सवयीने बाजूला ठेवल्या गेल्या आहेत.

रामकिसन


घनसावंगी
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,
सलाम.

तुम्ही खरं लिही म्हणालात. आधी माझंच खरं लिहिते. मी शालूच्याच शाळेत आहे. दुसरी ते चौथीचा तिचाच एकत्र वर्ग शिकवते. निवड यादीत माझं नाव बरंच खाली होतं. जागा रिकामी झाली म्हणून मला बोलावलं. कशी रिकामी झाली ते मला माहीत होतं आणि मला जायचं नव्हतं. अम्मी म्हणाली, "गैर कोई जाने से तू गई तो अच्छा." म्हणून गेले. पहिल्या पत्रात हे लिहायला हात धजला नाही.

आता तिचं.

तिचा पहिला सराव पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिला. ती इतकी घाबरली होती की हजेरी घ्यायला लागली ती पुढे सरकेचना. एक नाव घ्यायची, त्या पोराकडे बघायची, त्याने "हजर" म्हटलं की "बरं" म्हणायची. तुमच्यासारखंच. आम्ही मागे तोंडाला रुमाल लावून हसत होतो. हजेरी संपली आणि ती नुसती उभी राहिली. पाठ सुरूच करीना. तेव्हा पुढचा एक पोरगा म्हणाला, "बाई, तुमचं नाव राह्यलं." शालू म्हणाली, "मंग घे की." त्याने नाव विचारून घेतलं आणि मोठ्याने म्हणाला, "शालूबाई." ती म्हणाली, "हजर." वर्ग हसला आणि तिची जीभ सुटली. पण तोवर तास संपत आला होता. पाठ तपासणाऱ्या मॅडमनी शेरा दिला, "पाठ अपूर्ण. हजेरीत वेळ गेला." त्या संध्याकाळी ती जेवली नाही. रविवारी तुम्हाला "बराबर चाललंय" म्हणाली तेव्हा मी शेजारीच कांदा चिरत होते.

तुम्ही विचारलंत, तिला आवडलं का. सुरुवातीला नाही. "वर्गात उभं राह्यलं की मला मीच चोर वाटते," असं म्हणायची. नंतर आवडायला लागलं. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. एक दिवस ती खोलीवर आली आणि चपला न काढताच तिच्या वर्गातल्या पोरांच्या नकला करून दाखवायला लागली. मी पोळ्या करत होते, एक पोळी जळाली. तेव्हा मला कळलं की आता ही शिक्षिका झाली.

हजेरीची ती पद्धत मात्र तिने सोडली नाही. इथेही सगळ्यांची नावं झाली की तृप्ती नावाची चौथीतली मुलगी उभी राहून "शालूबाई" म्हणायची आणि शालू "हजर" म्हणायची.

काका, पुढचं लिहायला मला जड जातंय. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा धर्मराज सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, पोरांना सांगितलं की बाई रजेवर आहेत. त्यांना दुसरं काही सांगता आलं नाही. तेव्हापासून रोज हजेरी संपली की तृप्ती उभी राहते आणि म्हणते, "शालूबाई." सगळा वर्ग म्हणतो, "रजेवर." मग ती खाली बसते. मी समोर हजेरीपट धरून उभी असते. माझं नाव कोणी घेत नाही.

सरांना म्हटलं, आता सांगायला पाहिजे. ते म्हणाले, "लेकरं हाईत. माझ्यानं न्हाई होणार. तुमी सांगा." मी रोज ठरवते. तृप्ती खाली बसली की तोंड उघडते आणि पाढे घ्यायला लागते.

ती तुमची मुलगी. तुम्ही म्हणाल तसं करीन. सांगू का त्यांना?

गजाला


वडीगोद्री
२० फेब्रुवारी २०२५

चि. गजाला हिला आशीर्वाद.

तू त्या जागेवर गेलीस याचं वाईट वाटून घेऊ नको. कोणीतरी जाणारच होतं. तुझी आई बरोबर बोलली.

शेऱ्याचं वाचलं. शालूच्या आईला ते वाचून दाखवलं नाही.

सध्या दुकानात काम भरपूर आहे. गव्हाचं, उसाचं पाणी चालू आहे, वीज कमी जास्त होते, मोटारी जळतात. परवा एक ओळखीचा शेतकरी मोटार घेऊन आला आणि म्हणाला, "रामकिसन, आमची मोटार जळाली की तुझी दिवाळी." दरवर्षी म्हणतो तसं म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. चहा न घेता निघून गेला. लोकांना माझ्याशी कसं बोलावं कळत नाही आणि मलाही त्यांना सोपं करून देता येत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

घरात तिचा फोटो लावला आहे, त्याला हार आहे. बँकेतलं खातं बंद केलं. रेशन कार्डावरून नाव कमी करा म्हणून निरोप आला आहे, तिथे मी अजून गेलो नाही. जिथे जावं तिथे तिचं नाव कमी करायचं काम निघतं. तुझ्या पत्रात वाचलं की एका ठिकाणी रोज तिचं नाव घेतात आणि ती रजेवर आहे म्हणतात. ते वाचून मी दुकानाचं शटर ओढून थोडा वेळ आत बसलो. फार दिवसांनी बरं वाटलं.

सांगू नको. एवढं एक ठिकाण राहू दे. पोरं लहान आहेत, विसरतील आपोआप.

हे बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. तू विचारलंस म्हणून जे मनात आलं ते लिहिलं.

रामकिसन


घनसावंगी
९ मार्च २०२५

आदरणीय काका,
सलाम.

तुम्ही म्हणालात तसंच केलं. सांगितलं नाही.

रोजे चालू आहेत. मुझफ्फरने वर्गात जाहीर केलंय, "बाईंचा रोजा हाये, कोणी तरास देऊ नका." त्यानंतर जो गोंधळ झाला तो आधी कधी झाला नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता की बाईंना त्रास देऊ नको. हरिओम दुसरीत आहे. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, थुंकी गिळली तर चालती का?"

अशा वेळी वाटतं की पोरं माझी झाली. दुसऱ्या दिवशी हजेरी संपते, तृप्ती उभी राहते आणि मी पुन्हा पाहुणी होते.

ट्रेनिंगच्या वर्षात आम्ही पाठाचं टाचण काढायचो. प्रस्तावना, हेतुकथन, मग विषय, शेवटी मूल्यमापन. शालूचं टाचण सुरेख असायचं, मी तिचंच बघून लिहायचे. परवा मी कोरा कागद घेऊन बसले. पोरांना ही गोष्ट सांगायचीच झाली तर सुरुवात कशी करायची, तेवढं तरी लिहून ठेवावं म्हटलं. प्रस्तावनेच्या पुढे काही लिहिता आलं नाही. हे मी कोणाचं बघून लिहू?

तुम्ही लिहिलंत की पोरं विसरतील. काका, ती विसरत नाहीत. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. तृप्ती पुढच्या वर्षी पाचवीला दुसऱ्या शाळेत जाईल. मधल्या सुटीत ती हरिओमला भिंतीशी उभं करून काहीतरी शिकवत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मी गेल्यावर शालूबाईचं नाव कोण घेणार? ह्याला तयार करून राह्यले. पर ह्याचा आवाजच निघत न्हाई."

म्हणजे हे पुढच्या वर्षीही चालणार. हरिओम चौथीला जाईपर्यंत चालेल, मग तो कोणाला तरी शिकवील.

मी तुमचा शब्द मोडणार नाही. फक्त एकदा येऊन बघा. बघितल्यावर तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य आहे. शाळा आता सकाळची आहे. पोरांना तुम्ही कोण ते मी सांगणार नाही.

गजाला


वडीगोद्री
२७ मार्च २०२५

चि. गजाला हिला आशीर्वाद.

मंगळवारी मी न सांगता निघून आलो. तुला वाईट वाटलं असेल. तू दारापर्यंत आलीस आणि मी मागे वळून बघितलं नाही. त्याबद्दल लिहितो.

मी सांगायचं ठरवून आलो होतो. निघताना शालूच्या आईलाही तसं म्हणालो. ती म्हणाली, "सांगणारे तुमी? घरी पाणी मागायला दहा वेळा विचार करता." मी म्हटलं, बघ तू. लग्नपत्रिकांची पिशवी घेतली आणि निघालो. जीपमध्ये मनात वाक्य जुळवत होतो. "बाळांनो, शालूबाई आता येणार नाहीत." एवढंच म्हणायचं होतं.

तू पोरांना सांगितलंस, "वडीगोद्रीचे पाहुणे आलेत." मी दाराशी उभा राहिलो. तू हजेरी घेतलीस. तू पण नाव घेऊन पोराकडे बघतेस. ते मी पाहिलं.

मग ती मुलगी उभी राहिली. तिने शालूचं नाव घेतलं. घरात आता तिचं नाव इतक्या मोठ्याने कोणी घेत नाही. सगळी पोरं म्हणाली, "रजेवर." आणि खाली बसायच्या आधी त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मान हलवली. हो, असंच आहे, अशी हलवली. का हलवली ते मला माहीत नाही. मग तिथे थांबता येईना. पिशवी टेबलावर ठेवली आणि निघालो.

परत येताना जीपमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, "पाव्हणं, कुणाकडं आल्ते?" मी म्हणालो, "लेकीकडं आल्तो."

तो म्हणाला, "बरंय ना लेकीचं?" मी म्हणालो, "बरंय."

माझ्याकडून होणार नाही. हे मला आता कळलं. तुझ्यावर ओझं टाकून मी महिनाभर गप्प बसलो आहे. तुला योग्य वाटेल ते कर. सांगायचं तर सांग. फक्त कोणत्या दिवशी सांगितलंस ते मला कळवू नको.

रामकिसन


घनसावंगी
६ एप्रिल २०२५

आदरणीय काका,
सलाम.

तुम्ही कळवू नको म्हणालात. तरी कळवावं लागतंय, कारण मी सांगितलेलंच नाही.

ईदनंतर मी पोरांसाठी डब्यात शीरखुर्मा नेला होता. खाऊन झाल्यावर सगळे हात धुवायला गेले. तृप्ती मागे थांबली. तिचं आणि माझं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

"बाई, एक विचारू का? रागावणार न्हाई ना?"

"विचार."

"ते पत्रिका घेऊन आल्ते ना, ते शालूबाईचे वडील व्हते ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाह्यजे? वडीगोद्रीचे म्हणल्यावर कळलं. आन ते दाराला टेकून उभे व्हते. शालूबाई तशाच उभ्या राह्यच्या."

मी डब्याला झाकण लावायला लागले.

"बाई, त्यांला अजून कोणी सांगितलं न्हाई का?"

"काय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला साधी बेरीज येत नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "शालूबाई वारल्या ते."

काका, त्यांना सगळं माहीत आहे. दिवाळीपासून माहीत आहे. तृप्तीच्या मामाच्या मोबाईलवर हार घातलेला फोटो आला होता. तिने हरिओमला सांगितलं, हरिओमने सगळ्या वस्तीला. शाळा उघडायच्या आधीच पोरांचं रडून झालं होतं.

मी विचारलं, "मंग रोज रजेवर का म्हणता?"

"सर म्हणले ना, रजेवर हाईत. म्हणताना त्यांचा आवाज कसातरीच झाल्ता. मंग आमी ठरवलं, सरांला वाईट वाटू द्यायचं न्हाई. रजेवरच म्हणायचं. मंग तुमी आल्या. तुमाला बी माहीत नसंल वाटलं. तुमी रोज तोंड उघडायच्या आन पाढे घ्यायच्या."

मग ती म्हणाली, "पर त्या बाबांनी तर मान हलवली, बाई. त्यांला खरंच वाटतंय त्या रजेवर हाईत म्हणून. घरी वाट बघत असतील."

मी तिला "उद्या बोलू" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी काही बोलले नाही. आता सगळी पोरं मला विचारतात, त्या बाबांना कोणी सांगितलं का. मुझफ्फर म्हणतो, सरांनी फोन करावा. हरिओम म्हणतो, "फोनवर नका सांगू. त्यांला बसवून सांगा, मंग पाणी द्या." रोज नाव घेणं चालूच आहे. फक्त आता रजेवर म्हणताना आवाज बारीक झाला आहे, तुमची काळजी वाटते म्हणून.

मी त्यांना काय सांगू? सरांनाही मी अजून काही बोललेले नाही.

गजाला


वडीगोद्री
१२ एप्रिल २०२५

चि. गजाला हिला आशीर्वाद.

पत्र वाचलं. या वेळी सगळंच शालूच्या आईला वाचून दाखवलं, शेऱ्याचं जुनं पत्रही. ती पोरांचं ऐकून म्हणाली, "लेकरांच्या डोक्यावर किती दिवस ठेवायचं हे? सांगा त्यांला." मी फोन हातात घेतला होता. तुझा नंबरही काढला. परत ठेवून दिला. ती बघत होती, पण या वेळी काही म्हणाली नाही.

रेशन कार्डाच्या कामाला मी अजून गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाईन म्हणतो.

मला तिकडे येणं होणार नाही. खाली लिहिलंय ते तू वर्गात वाचून दाखव. धर्मराज सरांनाही आत बोलावून बसव. तुला वाचता आलं नाही तर तृप्तीला वाचायला सांग. तिचा आवाज चांगला आहे.

बाळांनो,

मी शालूबाईंचा वडील. मी त्या दिवशी मान हलवली ती तुम्ही रजेवर म्हणालात म्हणून. मला माहीत आहे. तुमच्या आधीपासून माहीत आहे. मला दवाखान्यात डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून सांगितलं आणि पाणी दिलं होतं. हरिओम, तू म्हणतोस तसंच.

तुम्ही माझी काळजी करू नका. सरांना माहीत आहे. गजालाबाईंनाही माहीत आहे, त्या शालूबाईंच्या मैत्रीण आहेत. ज्याला माहीत नाही असं आता कोणी राहिलेलं नाही.

तृप्ती, तू निर्धास्त पाचवीला जा. हरिओम, हजेरी संपली की तू गजालाबाईंचं नाव घेत जा. त्या लांबून जीपने येतात. त्यांना हजर म्हणू द्या.

शालूबाईंचं नाव कधी घ्यावंसं वाटलं तर घ्या. मोठ्याने घ्या. पण मग कोणी उत्तर देऊ नका. थोडं थांबा आणि खाली बसा.

रामकिसन